पाझर

नेवाडात, शेवटच्या पेट्रोल पंपापासून एकोणसत्तर मैलांवर
दोन कड्यांच्या मधे काँक्रीटचं एक कपाळ.
मी वर्षातून एकदा येते, हातोडी घेऊन,
वाजवून बघते.
बद्द आवाज आला तर आत पोकळी,
खणखणीत आला की पुढचं पाऊल.
आई माठ घेताना असंच करायची,
पण तिच्या मागे माठवाला तरी असायचा कुरकुरायला.

इथे डेन्झिल ट्रेव्हॅरो. धरणाचा राखणदार, वय एकोणऐंशी.
पगार कोणत्या साली थांबला ते त्याला आठवत नाही.
फाटक उघडतो, कुत्र्याला दटावतो
आणि दरवर्षीसारखा विचारतो, "अजून उभंय ना?"
जसं काही मीच धरून ठेवलंय.

त्याचा आजा कॉर्नवॉलहून आला, थेट जमिनीखाली उतरला.
चांदी होती. पाणी नव्हतं.
पाणी यायचं खेचरांच्या पाठीवर, पिंपातून,
आणि टेम्परन्स नावाच्या गावात, म्हणजे नाव संयमाचं,
सतरा गुत्ते. डेन्झिल सांगतो,
लोक चूळसुद्धा व्हिस्कीनेच भरायचे, स्वस्त पडायची.

मग ही भिंत. दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा.
मग एक्कावन्न मैल लोखंडी नळ, रिव्हेट ठोकत ठोकत
टेम्परन्स, लेडी मॅग्डा, ब्लू ज्युनिपर.
पहिलं पाणी रात्री पोचलं, डांबराच्या वासाचं, तांबूस.
बायकांनी बादल्या भरून दारात ठेवल्या
आणि सकाळपर्यंत कुणी हात लावला नाही.
नुसतं बघत बसले.

मी भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात उतरते.
ज्या फळ्यांच्या साच्यात हे ओतलं
त्या केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेल्या,
पण त्यांच्या गाठी, त्यांच्या रेघा
काँक्रीटवर जशाच्या तशा.
इथे झाड नाही कुठे, तरी लाकडावरून हात फिरवल्यासारखं होतं.
छताला चुन्याची बोटं. थेंब. थेंब.
खाचेतून वाहतं ते मी मोजते:
मिनिटाला अडीच गॅलन. गेल्या वर्षी दोन.

कुठेतरी पाणी मुरतंय.
डेन्झिलला सांगितलं, आमच्यात हे
लबाडीचा वास आला की म्हणतात.
तो बराच वेळ हसला. म्हणाला,
"मग खाणीच्या मालकांनी तुमची भाषा शिकायला हवी होती."

खाणी मिटल्या. घरं गाड्यांवर चढवून लोकांनी नेली,
दारं-खिडक्यांसकट.
आता नळाच्या टोकाला तीन मीटर:
एक मोटेल,
एक बंद शाळा, जिचं बिल कुणीतरी अजून भरतंय,
आणि ब्लू ज्युनिपरच्या झोर्का वुकोविचबाई.
वडील खाणीत होते. त्यांनी लावलेली
आलुबुखाऱ्याची अकरा झाडं बाई अजून जगवतात.
मागच्या खेपेला मला मुरंब्याची बरणी दिली,
झाकणावर साल लिहिलेलं, नाव नाही.

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत.
ठेवावे. रिकामे करावे.
खाली ग्राहकसंख्या, तिथे मी ३ लिहिलंय.
"पाणी सोडणं" याचा अर्थ डेन्झिलला मी सांगितला नाही.
त्याने विचारलाही नाही.
तो व्हॉल्व्हचं चाक पुसत होता,
जुन्या बनियनने, सावकाश, आऱ्यांच्या मधूनसुद्धा.

पूर्वी इथून निघालेलं पाणी
एकोणीस तासांत ब्लू ज्युनिपर गाठायचं.
आता चार दिवस लागतात,
नळ तेवढाच, ओढणारं कुणी नाही.
आज सोमवार.
आत्ता माझ्या समोरून जे नळात शिरलं
ते शुक्रवारी बाईंच्या झाडांपाशी पोचेल.
फॉर्म गुरुवारी द्यायचाय.